पेन्सिलीचा रकाना

चाचणी म्हटलं की ओजल परातेच्या पोटात दुखतं.
खरंच दुखतं. दोनदा पाणी दिलं, एकदा तिच्या आईला आत बोलावलं,
तिसऱ्या गुरुवारी मी तो शब्दच कपाटात ठेवला
आणि टेबलावर टिकल्यांचं पाकीट उपडं केलं.

अनुस्वार म्हणजे टिकली.
आंब्याच्या आ-ला लाव गं, लग्नाला निघालाय तो.
तिनं लावली. मग चिंचेला, घंटेला,
मग स्वतःला, मग मला,
मग भिंतीवरच्या घशाच्या तक्त्याला,
नेमकी पडजिभेवर.
मांडीवरच्या कागदावर मी गुपचूप लिहिलं:
अनुस्वार, दहापैकी नऊ.

ह्रस्वाला शिट्टी आखूड, दीर्घाला कुकरची.
खालच्या सायकल दुकानातले बुरडे
जिन्यात उभे राहून विचारते झाले,
म्याडम, वर काय शिजून राहिलं?
म्हटलं, पाणी. णी दीर्घ.
ते मान हलवत पंक्चरकडे परतले.

तो, ती, ते : तीन डबे.
चमचा गेला, पिशवी गेली, कुलूप गेलं,
मग तिचा हात हवेतच थांबला.
मे महिना, पंचेचाळीसच्या वर. खिडकीत कूलर घरघरत होता.
"बाई, हा डब्यात मावत नाही.
पण कूलर तो. त्याची टाकी ती. टाकीतलं पाणी ते.
पूर्ण फ्यामिली आहे."
माझ्या प्रशिक्षणात हे कुणी शिकवलं नव्हतं.
पैकीच्या पैकी दिले
आणि बादली तिच्याच हातात दिली.

मग आला ळ.

केळ्याचं चित्र. ती म्हणाली, केय.
डोळ्याचं. डोया.
फळ्याचं. फया.
राहतेस कुठं? गोयीबार चौकात.
(त्या चौकात कधी
कुणाला काही लागलं नसेल, असं वाटलं.)

छापील तक्त्यात रकाने दोनच. बरोबर. चूक.
जीभ मागे वळते का पाहिलं. वळते.
ण स्वच्छ, ड ठणठणीत.
आई पदराशी चाळा करत म्हणाली,
आमच्या घरी सगळेच तसे बोलतात हो म्याडम,
शायेत रागावतात तिला.
आणि स्वतःच जीभ चावली.

हा दोष मांडायचा तर
मागावर आयुष्य काढलेला तिचा आजोबा मांडावा लागेल,
त्याची आई, अर्धी तांडापेठ,
आणि माझ्या फाइलींचं कपाट तेवढं मोठं नाही.
पेन्सिलीनं तिसरी रेघ ओढली.
वर लिहिलं : घरचं.

तारेचा ळ वाकवून दिला तिच्या हातात.
तिनं आडवा धरला, उभा धरला,
मग डोळ्यांना लावला.
"हा तर आजोबाचा चष्मा!
वाचताना घालायचा. जेवताना काढून ठेवायचा."
मी लिहायचं विसरले.

साडेसहाला आजोबा न्यायला आले.
बोटांना अजून सुताची सवय, उगाच काहीतरी जोडत होती.
काऊन बाई, झाले का पोरीचे डोये तपासून?
ओजलनं तार त्यांच्या नाकावर ठेवली. वाचा.
त्यांनी फळ्यावरचा शब्द वाचला,
नवा सदरा घडी मोडून घालावा तसा,
डो... ळा.
तिनं त्यांना एक टिकली बक्षीस दिली.
तार काढून खिशात टाकत म्हणाले,
चाल माय, रस्त्यात केये घेऊ.

जिन्याच्या चौथ्या पायरीवरून ती ओरडली,
"बाई, तुमचा ळ तुम्ही कुठून आणला?"

उमरेडच्या शाळेतून. तिसरीत.
लाकडी पट्टी, उजवा हात.
हे सांगितलं नाही. म्हटलं, सापडला.

रात्री आईचा फोन. जेवली का?
भूक नव्हती, मी म्हटलं. केय खाल्लं.
पलीकडे ती थोडा वेळ गप्प.
किती वर्षांनी, ते तीही मोजत असावी.
मग म्हणाली,
एकच?